बाण

पहिली दोन वर्षं कंपनी म्हणजे
माझी लुना, पेचकसांचा एक डबा
आणि हवा मारायचा ब्लोअर,
तोही भावाच्या सायकल-दुकानातून उचललेला.
जळगावची एमआयडीसी. डाळमिल, चटईचे कारखाने, पाइपवाले.
इतके मोठे नाहीत की पगारी इंजिनिअर ठेवतील,
इतके लहान नाहीत की वहीवर भागेल.
मधले.
मधल्यांचं कुणी नसतं, भो.

सीपीयू उघडला की आत तुरीची भुकटी, बोटभर, पिवळी.
चटईवाल्यांकडे पंख्याला गुंडाळलेले हिरवे-जांभळे धागे.
एकदा झांबरेंच्या जिनिंगमध्ये
कापसाचं घरटं, डिस्कच्या उबेला,
आत उंदराची सहा पिल्लं, डोळे न उघडलेली.
मी झाकण परत लावलं.
म्हटलं, पार्ट मागवलाय, आठ दिवस लागतील.
(पार्ट कसलाच मागवला नव्हता.)

सुकदेव वाणी, डाळमिलचे मुनीम, मूळ पारोळ्याचे.
मे महिन्यात, सेहेचाळीसच्या उन्हात
मॉनिटरवर ओला पंचा टाकून बसायचे.
'त्याले बी घाम येस ना, भाऊ.'
मी ओरडायचो. ते बशीत चहा ओतायचे.
बिलावर मी लिहायचो: भेट एक, रुपये दीडशे.
चहा कुठल्या रकान्यात लिहायचा
हे तेव्हा कळलं नाही.

मग वाढलो.
कसे वाढलो त्याचा तक्ता बँकेच्या साहेबाला दिलाय,
इथे एवढंच, की
ज्या जुलैत जीएसटी आला
त्या महिन्यात माझा फोन गरम होऊन दोनदा बंद पडला
आणि मी तीन पोरं, एक पोरगी कामाला घेतली.
नंतर ती रात्र. रावेरकडच्या एका केळीच्या कोल्ड स्टोरेजच्या
सगळ्या फायलींना कुलूप,
पडद्यावर डॉलर मागणारी चिठ्ठी,
आणि खाली खोल्यांत चारशे टन केळी, कुणाची किती
ते कुणालाच माहीत नाही.
तीन रात्री झोपलो नाही. निम्मं परत मिळालं.
ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नाही,
तीच फैजपूर-यावल-चोपडा फिरली,
आणि महिन्याभरात चोवीस जणांनी वार्षिक करार केला.
भीतीला आम्ही कधी पगार दिला नाही,
पण सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं तिनेच आणली.

आता दोन मजले, एक्केचाळीस माणसं, धुळ्याला शाखा.
लुना भंगारात गेली, सतराशे आले.
आता कुणी जात नाही. बाण जातो.
शबनम पिंजारी, बीसीए, वय बावीस,
खुर्चीतून न उठता
दिवसाला अठ्ठावीस कारखाने फिरून येते.
एकाही कारखान्याचं फाटक तिने पाहिलेलं नाही.

एकतीस मार्च, रात्री साडेदहा.
मुनीम अजून तिथेच. वय विचारू नये.
त्यांच्या पडद्यावर ताळेबंद, सत्तावीस पैशांनी अडलेला.
शबनम इकडून शोधते, ते तिकडून.
मी मागे उभा राहून पाहिलं:
बाण एकच, हात दोन,
म्हणून तो थरथरतो.
मग तिने माउस सोडला.
बाण हळूहळू खाली गेला, कोरं पान उघडलं,
आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत अहिराणी
एकेक अक्षर पडत गेलं:
जेवनी का बेन

शबनमने माझ्याकडे वळून पाहिलं.
'सर, हे कशात टाकू?'
हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क, इतर.
तो फॉर्म मीच बनवलाय.
मी काही बोललो नाही.
तिने लिहिलं: नाही अजून.
बराच वेळ बाण जागच्या जागी.
मग:
मंग ऱ्हाऊ दे. सकायले दखूत.
आणि पडदा तिकडूनच बंद झाला,
सत्तावीस पैशांसकट.

तिने डबा उघडला. भेंडी, ज्वारीची भाकरी.
चार तासांत न सुटलेलं तिकीट
आमच्याकडे आपोआप लाल होतं.
झालं.